मायग्रेन, चिनी सुया आणि ती कडू पावडर: बरेच महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, लांबलचक होणार आहे, कारण सिंगापूरला शिफ्ट होणाऱ्या मैत्रिणी मला सारखं विचारतात की टीसीएम म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यक खरंच चालतं का, आणि दर वेळी तेच टाइप करून कंटाळा आलाय.

माझा त्रास मायग्रेन. कॉलेजपासूनचा, उजव्या बाजूचा, उलटी झाल्याशिवाय न थांबणारा. इथल्या न्यूरॉलॉजिस्टने रोजची गोळी सुरू करायला सांगितली, पण लहानपणी दमा होता म्हणून प्रोप्रानोलॉल नको म्हणाले आणि टोपिरामेट दिलं. त्याने डोकं कमी दुखलं हे खरं, पण बोटांना मुंग्या आणि मीटिंगमध्ये बोलता बोलता साधे शब्दच आठवेनात, म्हणजे डेमो देताना मी ‘ते हे’ ‘ते हे’ करतेय. ती बंद केल्यावर टीममधल्या चिनी बाईंनीच सांगितलं, सिन्सेकडे जा. सिन्से म्हणजे इथले चिनी वैद्य.

इथे हे प्रकरण चोरूनमारून चालत नाही. साल 2000 चा कायदा आहे, प्रॅक्टिशनरना रजिस्टर व्हावं लागतं, नाव ऑनलाइन तपासता येतं. इथल्या एनटीयू विद्यापीठात 2005 पासून बायोमेडिकल सायन्स आणि चिनी वैद्यक असा जोड डिग्री कोर्स होता, त्यामुळे तरुण सिन्से एमआरआयचा रिपोर्टही नीट वाचतात. माझ्या सिन्सेबाईंनी पहिल्याच वेळी विचारलं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवलंय ना, स्कॅन झालाय ना? तिथेच मला जरा विश्वास वाटला.

मग दोन्ही मनगटांची नाडी, तीन बोटांनी, बराच वेळ. जीभ बाहेर. झोप कधी, पोट साफ होतं का, पाळीच्या आधी डोकं जास्त दुखतं का, चिडचिड होते का. (होते. नवऱ्याला विचारा.) निदान काय, तर ‘लिव्हर यांग वर चढलंय’. मी घाबरून म्हटलं माझे लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, त्या हसल्या, म्हणाल्या हे ते लिव्हर नाही. आपल्याकडे पित्त वाढलं म्हणतात तसंच काहीतरी धरून चालले, फार खोलात गेले नाही.

आता सुया. दुखतं का हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, तर इंजेक्शनसारखं अजिबात नाही, सुई जवळजवळ केसासारखी असते आणि आतून पोकळ नसते. पण ‘काहीच कळत नाही’ म्हणणारेही खोटं बोलतात. मानेच्या वर कवटीच्या खालच्या खोबणीत दोन, कानशिलावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधे, आणि पायाच्या अंगठ्याच्या बाजूला. हाताच्या सुईला आत गेल्यावर जड, बोथट अशी कळ येते आणि ती यायलाच हवी असं त्यांचं म्हणणं. पायाची मला नेहमी लागते, आजही. मग वरून लाल दिवा लावून पडदा ओढून जातात, वीस-पंचवीस मिनिटं, हातात बेल. मी बहुतेकदा झोपते. फोन बघता येत नाही हा पण उपचारच असावा!

सुरुवातीला दर आठवड्याला गेले. पहिला महिना फरक शून्य, उलट एकदा घरी येऊन त्याच संध्याकाळी जोरात अटॅक. दुसऱ्या महिन्यानंतर डायरीत दिसायला लागलं. आधी महिन्याला चार-पाच मोठे अटॅक यायचे, आता एखाद-दोन, आणि आले तरी सुमाट्रिप्टान ही अटॅक आल्यावर घ्यायची गोळी लवकर लागू पडते. ती गोळी सुटलेली नाही हे नीट वाचा. चालू अटॅकमध्ये मी सुया टोचून घ्यायला जात नाही, तेव्हा अंधारी खोली आणि गोळीच.

हे सुयांनीच झालं का? याच काळात सिन्सेबाईंनी मागे लागून मला अकराच्या आत झोपायला लावलं आणि सकाळचा नाश्ता सुरू करवला, तेव्हा श्रेय कोणाला किती देणार. नवरा इंजिनियर असल्यामुळे त्याने कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा 2016 चा आढावा काढून दाखवला, 22 ट्रायल्स, जवळपास 5,000 लोक. सुया घेतलेल्यांत 100 पैकी 41 जणांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले, नेहमीच्या उपचारात 17 जणांचे. पण ज्या ट्रायल्समध्ये खोट्या, म्हणजे नुसत्या नाटकापुरत्या सुयांशी तुलना केली, तिथे खऱ्या सुयांचे 50 आणि खोट्यांचे 41. म्हणजे बराचसा फायदा शांत पडून राहण्याचा, कोणीतरी नीट विचारपूस करण्याचा असू शकतो. ठीक आहे, मला तोही हवाय, मुंग्या आणि शब्दविसर यापेक्षा परवडला. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी ब्रिटनची नाइस संस्थासुद्धा टोपिरामेट आणि प्रोप्रानोलॉल दोन्ही जमत नसतील तर 5 ते 8 आठवड्यांत 10 पर्यंत सेशन करून बघा म्हणते, आणि मी नेमकी त्याच गटातली.

पावडरचं मात्र जमलं नाही. काढे उकळायचे दिवस गेले, आता ग्रॅन्यूल्सच्या पुड्या मिळतात, कोमट पाण्यात ढवळायच्या. मला तिआनमा गौतेंग यिन नावाचं कॉम्बिनेशन दिलं होतं. कडूपणाचं मी काय सांगू, कारल्याचा रस त्यापुढे सरबत. चव सहन केली असती पण पोट ढिलं झालं, डोस कमी केला तरी तेच, मग सोडलं. सिन्सेबाईंनी आग्रह केला नाही. ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत’ हे वाक्य मला आपल्या आयुर्वेदाच्या जाहिरातीतही आवडत नाही आणि इथेही नाही. 1990 च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी पुड्यांमधनं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड हे वनस्पतीतलंच विषारी द्रव्य पोटात जाऊन कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या होत्या. बऱ्याच चिनी औषधांत जेष्ठमध असतो, तो रोज जास्त घेतला तर बीपी वाढतं. सासूबाई सांगलीहून आल्या होत्या, गुडघ्यासाठी त्यांनाही घेऊन गेले, त्या वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत कळताच सिन्सेबाईंनी पावडर साफ नाकारली, सुयाही नकोत म्हणाल्या, नुसता शेक दिला. सासूबाई नाराज, म्हणाल्या एवढ्या लांब आणून शेकच द्यायचा होता तर घरी विटेने दिला असता.

नवऱ्याच्या फ्रोझन शोल्डरला तुइना म्हणजे त्यांचं दाबण्या-चोळण्याचं तंत्र, प्लस कपिंग, म्हणजे कप लावून कातडी वर ओढणं, केलं. खांदा तात्पुरता मोकळा व्हायचा, पण हात वर जायला लागला तो फिजिओच्या व्यायामाने असं माझं मत, त्याचं वेगळं. कपिंगचे जांभळे गोल आठवडाभर राहतात, 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू फेल्प्सच्या पाठीवर होते तेच. स्विमिंग पूलवर लोक बघतात.

खर्च: माझ्या क्लिनिकमध्ये एका वेळचे साधारण सत्तर सिंगापूर डॉलर, पावडर वेगळी. ऑफिसच्या इन्शुरन्समधनं थोडे परत मिळतात. आता मी महिन्यातून एकदाच जाते.

पुण्या-मुंबईतल्यांनी विचारलंय म्हणून: महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी 2015 चा वेगळा कायदा आहे, तेव्हा रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नका. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर 1938 मध्ये चीनला गेलेले डॉ. बसू पुढे तिथूनच हे शिकून आले होते, तेव्हा भारतात हे काही कालपरवाचं फॅड नाही. सुया सीलबंद पाकिटातनं तुमच्यासमोर काढल्या पाहिजेत. गरोदर असाल तर आधी सांगा, काही पॉइंट टाळतात. डोकेदुखी अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी जोरात आली असेल तर सिन्से नाही, सरळ इमर्जन्सी. आणि उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते, निदान एक पोळी खाऊन जा.