चाकांचा वॉकर: घाई पालकांची, श्रम बाळाचे

नातेवाइकांनी महाद्वार रोडवरील एका दुकानातून आणून भेट दिलेला चाकांचा वॉकर शिवाजी पेठेतील आमच्या घरी काही दिवस वापरला, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. वस्तू म्हणून त्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही. प्लास्टिक जाड आहे, बैठकीचे कापड काढून धुता येते. ट्रेमधील गाणी तेवढी कर्कश आहेत. आक्षेप आहे तो बाळ लवकर चालू लागेल, या विक्रेत्याने छातीठोकपणे दिलेल्या हमीवर.

अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वॉकर वापरणारी बाळे बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा शिकल्याचे आढळले होते. बाळाला त्यात बसवून जरा वाकून पाहिले की यामागचे कारण दिसते: टाचा टेकत नाहीत, फरशी चवड्यांनी रेटली जाते, ट्रेमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत आणि तोल सांभाळण्याचे काम परस्पर चाके करून टाकतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात 12 ते 19 महिन्यांची मुले मोकळी खेळताना तासाला सरासरी 2,368 पावले टाकतात आणि 17 वेळा पडतात, असे दिसले. चालणे शिकायचे ते याच पडण्यातून, आणि नेमके तेच टाळण्यासाठी आपण पैसे मोजतो.

शिवाय वॉकरमधील बाळ एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. पेठेतल्या जुन्या घरांतील उंबरे आणि उभे जिने पाहता समोर बसलेले माणूसही वेळेवर पोहोचेलच असे नाही. कॅनडाने 2004 मध्ये या वस्तूच्या विक्रीवर, आयातीवर आणि जाहिरातीवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

तरीही वॉकर खपतात, कारण बाळाने कधी काय करावे याचा अंदाज आपण शेजारच्या मुलावरून बांधतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या पाहणीवरून आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा दिला आहे. काही निरोगी मुले तर हातागुडघ्यांवर रांगतही नाहीत. हे ठाऊक असलेले आईवडील अकराव्या महिन्यात हवालदिल होत नाहीत, आणि अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच चालतात’ म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टर गाठतात. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात, पण बहुतेक घरांत ते लसीच्या तारखेपुरतेच उघडले जाते.

धरून उभे राहणाऱ्या बाळासाठी लाकडी पांगुळगाडा वॉकरपेक्षा बरा, कारण त्यात भार पायांवर राहतो. मात्र मागे माणूस हवेच. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, पण कुरकुर न करता वस्तू बदलून दिली. आम्ही जाड चटई घेतली.