अंदमानातील निवासाचे आगाऊ पैसे: माहिती सगळी खरी, खाते मात्र भलत्याचे

नाताळच्या आसपास अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथील स्वस्त निवास फार लवकर भरतात, आणि ज्यांना ठरावीक तारखांनाच रजा मिळते अशा नोकरदारांना मिळेल ती खोली आगाऊ पैसे देऊन धरून ठेवावी लागते. या घाईचा फायदा घेऊन आम्हा पती-पत्नीकडून निवासाच्या आरक्षणाच्या नावाखाली पैसे उकळण्यात आले. तो प्रकार येथे सविस्तर मांडते आहे, कारण ‘अनोळखी दुवा उघडू नका’, ‘ओटीपी सांगू नका’ या नेहमीच्या सूचना तंतोतंत पाळूनही तो ओळखू येत नाही. आम्हाला कोणी दुवा पाठवला नाही, ओटीपी मागितला नाही, की अव्वाच्या सव्वा सवलतही देऊ केली नाही.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आमच्या ओळखीतील बहुतेक मंडळी सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी, रॉस बेट आणि राधानगरचा किनारा हे सारे सहल कंपनीबरोबर पाहून आलेली आहेत. आम्हाला मात्र पाठीवर सॅक घेऊन, सरकारी बोटीने फिरत, एखाद्या बांबूच्या झोपडीत स्वस्तात राहायचे होते. विजयनगर किनाऱ्याजवळचा एक निवास आम्ही नकाशाच्या अ‍ॅपवर शोधला. तो निवास खरा आहे, आजही चालू आहे, आणि त्याच्या पानावरील प्रवाशांचे अभिप्राय व छायाचित्रेही खरी आहेत. खोटा होता तो फक्त त्या पानावरील दूरध्वनी क्रमांक. अशा पानांवर कोणीही वापरकर्ता ‘बदल सुचवा’ म्हणून नवा क्रमांक घालू शकतो, आणि मालकाचे त्या पानावर लक्ष नसेल तर तो बदल मंजूर होऊन बसतो.

फोन उचलणारा गृहस्थ अतिशय नम्र होता. दर सांगण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. तुम्ही विमानाने किती वाजता उतरणार, असे विचारून त्याच दिवशीची बोट मिळेल की नाही हे त्याने सांगितले. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते आणि तिला साधारण अडीच तास लागतात, हेही त्याला ठाऊक होते. तेथे संध्याकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो, म्हणून राधानगरला दुपारीच निघा आणि अंधारात पाण्यात उतरू नका, खाऱ्या पाण्यातील मगरींचा धोका असतो, असेही त्याने बजावले. हे सगळे खरे आहे, याची खात्री आम्ही नंतर स्वतः तेथे जाऊन केली. इतके बारकाईने सांगणारा माणूस तेथलाच असणार, असे कोणालाही वाटेल. पण यातील प्रत्येक गोष्ट ठाण्यात बसूनही वाचायला मिळते. त्याला बेट ठाऊक असल्याने तो त्या निवासाचा माणूस ठरत नव्हता.

पावती आली ती पीडीएफ स्वरूपात, निवासाच्या चिन्हासह. तिच्यावरील जीएसटी क्रमांक माझ्या पतींनी शासनाच्या पोर्टलवर तपासला. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ३५ होते, आणि हा अंदमान-निकोबारचाच संकेतांक आहे. व्यवसायाचे नाव आणि पत्ताही जुळले. जुळणारच होते, कारण तो क्रमांक खऱ्या मालकाच्या खऱ्या बिलावरून उचललेला होता. जीएसटी क्रमांक ही गुप्त गोष्ट नसते, तो प्रत्येक बिलावर छापलेला असतो. तेव्हा तो बरोबर असण्याने इतकेच सिद्ध होते की असा व्यवसाय अस्तित्वात आहे. आपले पैसे त्या व्यवसायाकडेच चालले आहेत, हे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

निम्मी रक्कम, म्हणजे ९,६०० रुपये, यूपीआयने पाठवताना पडद्यावर निवासाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. विचारल्यावर ‘ते आमच्या व्यवस्थापकांचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. लहान निवासांत अशी पद्धत खरोखरच असते, आणि म्हणूनच हे उत्तर अशा लबाडांना फार उपयोगी पडते. व्हिडिओ कॉल करून खोली दाखवा असे मी म्हटले, तेव्हा बेटावर नेटवर्क चालत नाही असे सांगण्यात आले. अंदमानच्या नेटवर्कविषयीच्या जुन्या तक्रारी आपण सर्वांनी ऐकलेल्या असतात, त्यामुळे ही सबब पटते. वास्तविक चेन्नईहून पोर्ट ब्लेअरपर्यंत, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपर्यंत, समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची एक शाखा स्वराज द्वीपलाही गेलेली आहे. तेथे आजही कधीकधी नेटवर्क जाते. पण जो माणूस दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्रे आणि पीडीएफ पाठवू शकतो, त्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल जमत नाही, हे मानण्यासारखे नाही.

खरा घाव यानंतर बसला. ‘जीएसटीच्या नोंदीसाठी तेवढीच रक्कम पुन्हा पाठवा, प्रणाली ती दहा मिनिटांत आपोआप परत करील’ असा निरोप आला आणि तीही रक्कम गेली. ग्राहकाने जीएसटी वेगळा भरायचा आणि तो त्याला परत मिळायचा, असा कोणताही प्रकार निवासाच्या बिलात नसतो. कर त्याच बिलात धरलेला असतो. रक्कम परत आली नाही, तेव्हा ‘तुमचा आरक्षण संकेतांक २४६३७ आहे, तो रकमेच्या चौकटीत भरा म्हणजे परतावा सुटेल’ असे सांगण्यात आले. तो संकेतांक नव्हता, तर आणखी २४,६३७ रुपये होते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, आणि चौकटीत भरलेला आकडा कितीही गोड नाव दिले तरी रक्कमच असतो. येथे आम्ही थांबलो.

खरा क्रमांक सापडला तो एका प्रवाशाने टाकलेल्या छायाचित्रात. निवासाच्या फाटकावरील रंगवलेल्या फलकावर वेगळाच क्रमांक होता. त्यावर फोन केला तेव्हा मालक म्हणाले, ‘दीदी, असे लोक पावती घेऊन थेट दारात येतात, आणि आमच्याकडे खोली नसते.’ पूर्व बंगालमधून आलेल्या ज्या निर्वासितांना १९५० च्या दशकात या बेटावर वसवण्यात आले, त्यांच्यापैकी एका घराण्याचा हा निवास आहे. कोणाचे तरी लहान मूल घेऊन रात्री जेट्टीवरून पोहोचलेले कुटुंब त्यांनी स्वतःच्या घरात झोपवले होते, असेही त्यांनी सांगितले.

त्यानंतर आम्ही लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन केला. तेथे व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपली बँक हे तपशील विचारतात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते रोखून धरण्याची सूचना जाते, पण तोवर रक्कम तेथेच असली पाहिजे. आमची पहिली रक्कम एटीएममधून काढून घेतली गेली होती. दुसरी मात्र खात्यातच सापडली आणि गोठवली गेली. दुसऱ्या दिवशी फोन केला असता, तर तीही हाती लागली नसती, याविषयी मला शंका नाही.

आमच्या बँकेने भरपाई नाकारली, आणि नियमाच्या दृष्टीने तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाला मिळणारे संरक्षण हे तेव्हा त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी होते. येथे पिन आम्हीच टाकला होता. म्हणजे चोराने खाते फोडले तर दाद मिळत होती, पण खातेदाराला फसवून त्याच्याच हातून पैसे काढले तर मिळत नव्हती. हा भेद मला अन्यायाचा वाटला. पोलिसांकडील तक्रार भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड यांखाली नोंदवली गेली, आणि गोठवलेली रक्कम सोडवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला.

तक्रारीनंतर काही दिवसांनी एका गृहस्थाचा फोन आला. आपण सायबर विभागातून बोलत आहोत, तुमचे पैसे मंजूर झाले आहेत, फक्त प्रक्रिया शुल्क भरा, असे तो म्हणाला. आमचे नाव, रक्कम, निवासाचे नाव, सारे त्याला ठाऊक होते, आणि ही माहिती ज्यांनी फसवले त्यांच्याकडेच असणार हे उघड होते. १९३० वरील तक्रारीसाठी किंवा परताव्यासाठी कोणतेही शुल्क लागत नाही. मी त्याला खातेदाराचे नाव विचारले. तो पुन्हा एका व्यक्तीचेच नाव सांगू लागला, तेव्हा मी फोन ठेवला आणि तो क्रमांकही त्याच तक्रारीत जोडला.