पीएच क्लिनिकचा रिव्ह्यू, ताई आणि दादा दोघांच्या फॉलोअपवरून

ताई आणि दादा दोघांनाही पल्मनरी हायपरटेन्शन (पीएच, म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढणं) आहे, आणि दोघांचे फॉलोअप आता एकाच पीएच क्लिनिकमध्ये चालतात. पाचपैकी साडेचार स्टार.

आधी जिथे जायचो तिथे इको झाला की प्रेशरचा एक आकडा, 'सिव्हिअर पीएच' आणि खाली सही, बास. हृदयाचा उजवा कप्पा कसा चाललाय यावर एक ओळ नाही. अहो, या आजारात पेशंट किती तग धरतो ते जास्त करून त्या कप्प्यावरच ठरतं, फुफ्फुसातल्या वाढलेल्या प्रेशरविरुद्ध रक्त ढकलून ढकलून शेवटी थकतो तो तोच, आणि तोच कुणी मोजत नव्हतं याचा मला अजून राग येतो.

इथे टॅप्सी (उजवा कप्पा आकुंचन पावताना किती सरकतो ते माप) मोजतात, त्याला फुफ्फुसातल्या प्रेशरने भागून रेशो देतात (0.32 च्या वर असला तर लो रिस्क, 0.19 च्या खाली गेला तर हाय), थ्रीडी इको करतात, गरज असेल तर कार्डिअ‍ॅक एमआरआय. आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बायकांचे आणि पुरुषांचे नॉर्मल आकडे वेगळे लावतात. थ्रीडी इकोत उजवा कप्पा पूर्ण भरल्यावरचं माप शरीराच्या आकारमानाप्रमाणे काढतात, त्याची वरची मर्यादा पुरुषांना 87 आणि बायकांना 74. ताईचं माप या दोन्हीच्या मधलं, म्हणजे पुरुषांच्या हिशोबाने बघितलं असतं तर नॉर्मल म्हणून सुटलं असतं!

दोघांच्या कॅथमध्ये (नळी घालून हृदयातलं प्रेशर मोजतात ती तपासणी) प्रेशर जवळपास सारखंच होतं, औषधांनी फुफ्फुसातला रेझिस्टन्सही दोघांचा उतरला, तरी ताईचा उजवा कप्पा सुधारला आणि दादाचा उलट ढिला पडत गेला. आम्हाला वाटायचं दादा गोळ्या चुकवतो, घरात त्यावरून भांडणं पण झाली. डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं की असं खूप पुरुषांत दिसतं, 2014 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या टीमचा अभ्यास आला त्यातही रेझिस्टन्स दोघांत सारखाच कमी झाला पण बायकांचं उजव्या बाजूचं इजेक्शन फ्रॅक्शन (कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर ढकललं जातं ते) वाढलं आणि पुरुषांचं तिथेच राहिलं किंवा घसरलं. म्हणजे आजार होतो बायकांना जास्त, पण झाल्यावर तग धरतात त्याच जास्त. दादाला हे ऐकून किती हलकं वाटलं ते मी बघितलंय, आणि यासाठी मी त्या डॉक्टरांची कायम ऋणी राहीन.

इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनबद्दल पण सरळ बोलले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते उजव्या कप्प्याच्या स्नायूला बळ देताना दिसतं, पण फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम वाईट असू शकतो अशी शंका आहे, म्हणून इस्ट्रोजेन कमी करणारं अ‍ॅनास्ट्रोझोल देऊन बघितलं तर सहा मिनिटांच्या चालण्यात काही फरक पडला नाही. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू पण करू नका आणि बंद पण करू नका, असं ताईला स्पष्ट सांगितलं. ठाऊक आहे तेवढंच सांगतात, उगाच आशा लावत नाहीत.

आमच्या घरात बीएमपीआर2 जीनचा दोष निघालाय, हा दोष असलेल्या बायकांपैकी साधारण 42 टक्क्यांना आजार होतो, पुरुषांत 14, म्हणून माझी पण टेस्ट सुचवली, त्याआधी काउन्सेलिंग केलं, घाई केली नाही.

अर्धा स्टार कापला त्याचं कारण. बोसेंटनसारखी औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात म्हणून सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट लागते, ते बरोबरच आहे, पण पाळीचे आणि गर्भनिरोधकाचे प्रश्न ताईला बाहेर काउंटरवर सगळ्यांसमोर विचारले. हे आत केबिनमध्ये व्हायला हवं, मी लेखी दिलंय. आणि एमआरआयमध्ये परत परत श्वास रोखायला लावतात, धाप लागणाऱ्या माणसाला ते फार जड जातं, दादाने सांगितल्यावर मग मध्ये थांबायला दिलं, आधीच विचारायला काय हरकत होती?

जाणार असाल तर जुना कॅथ रिपोर्ट आणि इकोची सीडी घेऊन जा, नुसता कागद नको, ते जुनी चित्रं लावून उजवा कप्पा स्वतः परत मोजतात.