गच्चीवर लवंगी लावावी की ज्वाला?

मिरचीसाठी एकदोनच कुंड्या मोकळ्या असतील तर निवड बहुधा या दोघींपाशी येऊन अडते. माझ्याकडे दोन्ही झाल्या आहेत, आणि दोन्ही मनापासून आवडतात.

भाकरीबरोबर मीठ लावून तळलेली मिरची हवी असेल तर ज्वालाला तोड नाही. साल पातळ, लांबी चांगली, चिरायला सोपी. तिखट कमी करायचं तर आतला पांढरा पडदा काढायचा, कारण खरा तिखटपणा बियांत नसून त्या पडद्यात असतो. ज्वालाचा पडदा सुरीच्या टोकाने सहज निघतो. लवंगीचा काढत बसणं कुणाच्याने होत नाही. ती आहे तशी ठेच्यात जाते, आणि तिथे दोनतीन मिरच्यांत काम होतं.

बी दोन्हींचं धरता येतं. पुसा ज्वाला हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एनपी ४६ए आणि पुरी रेड या जातींच्या संकरातून निवडलेलं सरळ वाण आहे, म्हणजे त्याच्या बियांतून तसंच रोप येतं. फक्त दोघी शेजारीशेजारी नकोत. मिरचीत परपरागीभवन होतं, मग पुढच्या रोपांचा भरवसा राहत नाही.

पानं आकसून मुरडतात तो चुरडामुरडा दोघींवरही येतो. पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी ही बारीक कीड. निंबोळी अर्क वेळेवर फवारला की निभावतं. मला ज्वालावर तो जास्त दिसला, पण तिच्या कुंड्या कोपऱ्यात कोंदट जागी होत्या, त्यामुळे दोष तिलाच द्यावा असं नाही.

माझं मत फिरलं ते बेचक्यामुळे. मिरचीचं रोप एका उंचीवर दुभंगतं, पहिलं फूल तिथेच येतं आणि पुढचा सगळा भार त्याच जोडावर पडतो. लाकूड ठिसूळ. ज्वालाला एकदा बहर आला की लांब मिरच्या घोसाने लोंबतात, आणि वळवाच्या पावसाआधीचा वारा सुटला की झाड बेचक्यातून उभं चिरतं. सकाळी बघावं तर अर्धी फांदी सालीवर लटकलेली, त्यावर कोवळ्या मिरच्या तशाच. सुतळीने आवळून बांधलं तरी ती फांदी सहसा सुकते. ऐन बहरात असं झालं की फार जिवाला लागतं. लवंगीचं फळ हलकं, झाड आटोपशीर. माझ्या पश्चिमेला उघड्या गच्चीवर ती वाऱ्यात नुसती डोलते.

तुमची कुंडी भिंतीच्या आडोशाला असेल आणि घरात रोज मूठभर हिरवी मिरची लागत असेल, तर ज्वाला जरूर लावा. बेचक्यातलं पहिलं फूल खुडा आणि रोप वीतभर असतानाच काठी रोवा. उशिरा रोवली की मुळं दुखावतात. उघड्या गच्चीसाठी विचाराल तर मी लवंगी सांगेन, आणि शक्य असेल तर तिची दोन रोपं.