‘ब्लॅक’ फॉरमॅटर: रिलीजच्या तोंडावर वापरून पाहिल्यानंतर

देवनागरी आकडे आणि मराठी तारखा वाचणारी एक लहान मुक्तस्रोत पायथन लायब्ररी आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात सांभाळतो. संपूर्ण कोडची शैली एकसारखी करण्यासाठी आम्ही ‘ब्लॅक’ हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप ठरावीक शैलीत करणारे साधन) दोन वेळा, लायब्ररीच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या सुमारास चालवला. पहिल्या वेळी आमचे नुकसान झाले, दुसऱ्या वेळी काम सुरळीत पार पडले. साधन दोन्ही वेळा तेच होते. बदलला होता तो ते चालवण्याचा दिवस आणि पद्धत. म्हणून हे परीक्षण लिहिताना ब्लॅक कसा आहे याइतकेच तो केव्हा चालवावा यावर मी भर देत आहे.

ब्लॅक लुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे वैशिष्ट्य असे की तो वापरणाऱ्याला निवडीस फारसा वाव देत नाही. ओळीची लांबी मुळात ८८ अक्षरे, अवतरणचिन्हे शक्य तेथे दुहेरी, आणि कंस कोठे मोडायचे हे त्याचे तो ठरवतो. आमच्यासारख्या गटात, जेथे प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या प्रस्तावावर) स्वल्पविराम आणि मोकळ्या जागांवरून चर्चा लांबत असे, तेथे ही सक्ती हिताचीच ठरली. फाइल बदलण्यापूर्वी तो जुन्या आणि नव्या कोडचे सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचे आराखडे) ताडून पाहतो आणि अर्थ बदललेला आढळल्यास फाइलला हात लावत नाही. ‘फास्ट’ हा पर्याय दिल्यास ही पडताळणी वगळली जाते. वेळ वाचतो म्हणून कोणी तो वापरू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या वेळी काय झाले ते सांगतो. आम्ही रिलीजची ब्रांच (कोडची समांतर शाखा) वेगळी काढली होती, रिलीज कँडिडेट (अंतिम आवृत्तीपूर्वीची चाचणी-आवृत्ती) बाहेर पडायला दोन दिवस होते आणि त्याच वेळी मुख्य ब्रांचवर संपूर्ण कोड ब्लॅकमधून काढणारी पुल रिक्वेस्ट आली. चाचण्या उत्तीर्ण झाल्या होत्या, म्हणून मी ती मर्ज केली, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळली. पुढच्याच आठवड्यात अधिक मासाच्या तारखांमध्ये एक दोष सापडला. त्याची दुरुस्ती मुख्य ब्रांचवर जेमतेम सहा ओळींची होती, परंतु ती रिलीज ब्रांचवर चेरी-पिक करताच (तेवढाच बदल उचलून आणताच) जवळपास प्रत्येक ओळीवर कॉन्फ्लिक्ट (गिटला आपोआप जुळवता न येणारा फरक) उभा राहिला, कारण तेथील कोड अजून जुन्याच रूपात होता. दुरुस्ती हाताने उतरवावी लागली, त्यात एक अट सुटली आणि आवृत्ती निघाल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा नवी आवृत्ती काढावी लागली. ब्लॅकने येथे काहीही चुकीचे केले नव्हते. दोन ब्रांचमधील कोडचा चेहरा वेगळा झाला की त्यांच्यामधली वाट बंद होते, आणि रिलीजच्या आठवड्यात सर्वाधिक गरज नेमकी त्याच वाटेची असते.

हेच काम मोठ्या प्रकल्पात कसे केले जाते हे पाहण्यासाठी जँगो या पायथनमधील वेब-फ्रेमवर्कचा इतिहास जरूर वाचावा. ब्लॅक स्वीकारण्याचा प्रस्ताव तेथे २०१९ मध्येच मंजूर झाला होता, तरीही ब्लॅक बीटा अवस्थेतून बाहेर येईपर्यंत ते थांबले. जानेवारी २०२२ च्या अखेरीस ब्लॅकची २२.१.० ही पहिली स्थिर आवृत्ती आली आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापूर्वीच जँगोचा कोड नव्या रूपात आला. जँगोची ४.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये निघून गेली होती आणि ४.१ ऑगस्ट २०२२ मध्ये यायची होती, म्हणजे दोन मोठ्या रिलीजच्या मधला निवांत काळ त्यांना मिळाला. काम त्यांनी टप्प्यांत विभागले: फॉरमॅटरच्या हातून विचित्र दिसेल असा कोड आधीच्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांमध्ये) माणसांनी नीट केला, नंतर निव्वळ ब्लॅकचा कमिट बॉटच्या (स्वयंचलित खात्याच्या) नावाने झाला, आणि ८८ अक्षरांच्या बाहेर उरलेल्या ओळी त्यानंतर हाताने बसवल्या. यामुळे यंत्राने केलेला प्रचंड बदल आणि माणसाने विचारपूर्वक केलेला बदल कोठेही मिसळले नाहीत, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला कोणता भाग डोळ्यांत तेल घालून वाचायचा हे कळले. मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: ४.०.३ या दुरुस्ती-आवृत्तीच्या टिपणात जँगोचा सर्व पायथन कोड ब्लॅकने नव्याने मांडल्याची नोंद आहे, म्हणजेच चालू असलेली जुनी ब्रांचही त्यांनी त्याच साच्यात आणली. आमच्याकडून राहून गेले ते हेच.

अशा एका कमिटमुळे गिट ब्लेम (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची, प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी सोय) निरुपयोगी होते, ही तक्रार जुनी आहे, आणि कोणतीही ओळ कोणी व का लिहिली हे शोधणाऱ्यासाठी ती खरीही होती. ऑगस्ट २०१९ मधील गिट २.२३ पासून मात्र ठराविक कमिट वगळून ब्लेम पाहता येते. त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखचिन्ह) ‘गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) त्या फाइलचे नाव द्यायचे, एवढेच काम असते. हॅश मर्ज झाल्यानंतरचाच नोंदवावा; स्क्वॉश मर्जमध्ये (अनेक कमिट एकत्र करून एकच घेताना) तो बदलतो आणि नोंद वाया जाते.

दुसऱ्या वेळी आम्ही रिलीज होऊन आठवडा उलटू दिला, मुख्य आणि दुरुस्तीची अशा दोन्ही ब्रांच एकाच दिवशी, ब्लॅकच्या एकाच आवृत्तीने नव्या रूपात आणल्या, आणि उघड्या असलेल्या अकरा पुल रिक्वेस्टच्या लेखकांना आधीच कळवले. त्यांनी फॉरमॅटिंगच्या लगतच्या आधीचा कमिट आपल्या ब्रांचमध्ये मर्ज करायचा, स्वतःच्या ब्रांचवर तोच ब्लॅक चालवायचा आणि मग फॉरमॅटिंगचा कमिट मर्ज करताना कॉन्फ्लिक्टमध्ये आपली बाजू ठेवायची, अशी सूचना दिली. अकरापैकी नऊ जणांचे काम त्याच संध्याकाळी मार्गी लागले.

दोषही सांगितले पाहिजेत. हाताने स्तंभात लावलेले तक्ते ब्लॅक विस्कटून टाकतो. आमच्या पंचांगाच्या कोष्टकांभोवती ‘एफएमटी: ऑफ’ आणि ‘एफएमटी: ऑन’ या टिप्पण्या घालाव्या लागल्या. यादीच्या शेवटी स्वल्पविराम असला की तो प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर नेतो, आणि हे नवशिक्यांना बराच काळ उमगत नाही. स्थिर शैली एका कॅलेंडर वर्षात बदलायची नाही हे धोरण चांगले आहे, परंतु वर्षारंभीच्या आवृत्तीत ती बदलू शकते. २०२४ च्या २४.१.० मध्ये मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगनंतर (फाइलच्या सुरुवातीच्या वर्णनानंतर) मोकळी ओळ सक्तीची झाली, तेव्हा ज्यांनी ब्लॅकची आवृत्ती बांधून ठेवली नव्हती त्यांच्या तपासण्या कोडमध्ये काहीही न बदलता लाल होऊ लागल्या. आवृत्ती प्री-कमिट (कमिटपूर्वी स्वतःच्या यंत्रावर होणारी तपासणी) आणि सीआय (सर्व्हरवर आपोआप होणारी तपासणी) या दोन्ही ठिकाणी एकच लिहावी, अन्यथा स्वतःच्या यंत्रावर उत्तीर्ण होणारा कोड सर्व्हरवर अडतो.

रफ या, रस्ट भाषेत लिहिलेल्या कोड-तपासणी साधनाचा फॉरमॅटर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. तो फार वेगवान आहे आणि त्याची शैली ब्लॅकशी जवळजवळ तंतोतंत जुळते. आमचा कोड ब्लॅक काही सेकंदांत संपवतो, त्यामुळे वेगासाठी बदल करण्याची निकड आम्हाला नाही. हजारो फाइलींच्या प्रकल्पाने मात्र दोन्हींची तुलना करून पाहावी. आमच्याकडे तो बदल करायचे ठरलेच, तर पुढची आवृत्ती निघून तिची पहिली दुरुस्ती-आवृत्ती बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबणार आहोत, आणि त्या दिवशीही दोन्ही ब्रांच बरोबरच हलतील.