एकच वॉरगेम घ्यायचा तर कोणता? कॉम्बॅट मिशन, फ्लॅशपॉइंट की आर्मर्ड ब्रिगेड

भाचा हिंगण्याला इंजिनिअरिंग शिकतो. मागच्या रविवारी जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्याच फोन पुढे केला. "मामा, हे तीन टाकून ठेवलेत कार्टमध्ये. पैसे एकाचेच आहेत. कोणता घेऊ सांगा ना." कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स २, फ्लॅशपॉइंट कॅम्पेन्स: सदर्न स्टॉर्म आणि आर्मर्ड ब्रिगेड, तिन्ही कॉम्प्युटरवरचे युद्धाचे खेळ. या तिन्हींवर माझे मिळून किती तास गेले तो आकडा मी घरात काढत नाही, त्यामुळे सल्ला द्यायला मी लायक माणूस आहे.

दुकानातल्या पानावरची चित्रं पाहून काही कळणार नाही. सगळीकडे तेच रणगाडे आणि तोच धूर. माझी कसोटी वेगळी आहे: तुम्ही हुकूम दिला, तो पाळला जाईपर्यंत मध्ये काय काय होतं? तिथे हे तिन्ही खेळ तीन वाटांनी जातात.

कॉम्बॅट मिशनमध्ये डाव ६० सेकंदांचा. दोन्ही बाजूंनी आधी हुकूम द्यायचे, मग एक मिनिट हात बांधून बघत बसायचं. काहीही चुकलं तरी त्या मिनिटात काही करता येत नाही. फार तर तेच मिनिट मागे-पुढे करून कोण कुठून मेला ते पाहता येतं. (सलग रिअल टाइममध्येही खेळता येतो, पण मग त्यातली मजा जाते.) एकेक जवान वेगळा मोजलेला, एकेक गोळीचा मार्ग वेगळा. आणि खरी गोम आहे ती दिसण्यात. एका तुकडीला शत्रू दिसला म्हणून सगळ्यांना दिसत नाही. टेकडीवरच्या सेक्शनला, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीला, शत्रूची बीएमपी ही चिलखती गाडी स्वच्छ दिसतेय आणि तिच्याच पायथ्याशी उभ्या तुमच्या रणगाड्याला तिची गंधवार्ता नाही. बातमी रेडिओने, आवाजाने किंवा नजरेने एकाकडून दुसऱ्याकडे जावी लागते. गेली तरी आधी नुसतं प्रश्नचिन्ह उमटतं. भाच्याला माझ्याकडे खेळायला बसवलं तर पाचव्या मिनिटाला ओरडला, "मामा, त्याला समोरचा टँक दिसूनच नाही राहिला! बिघडला का गेम?" बिघडलेला नव्हता. गाडीचं झाकण बंद होतं आणि आतून दिसतं तेवढंच दिसत होतं.

जमिनीचं महत्त्व कळायला नागपूरकराला जर्मनीत जायची गरज नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर काय झालं ते आठवा. आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब सैनिकांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून इंग्रजांच्या हातातली मोठी टेकडी माऱ्यात आली. उंची हातात असून उपयोग नव्हता, कारण शेजारची उंची दुसऱ्याच्या हातात होती. कॉम्बॅट मिशनमध्ये हेच रोज भोगायला मिळतं. रणगाडा टेकडीच्या माथ्यावर नेऊन ठेवला की आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो अख्ख्या मुलखाला दिसतो. थोडा मागे, फक्त टरेट (तोफेचा वरचा फिरता भाग) कडेच्या वर राहील असा उभा केला तर तोच रणगाडा तासभर टिकतो. एवढं शिकायला माझ्या पाच-सहा गाड्या जळाल्या.

आणखी एक किस्सा सांगतो, कारण हा खेळ तुमच्यासाठी आहे की नाही ते यावरून ठरेल. स्ट्रायकर या अमेरिकी चिलखती गाडीत जेव्हलिन ही रणगाडाभेदी क्षेपणास्त्रं ठेवलेली असतात. जवान आत बसलेले असतानाच 'ॲक्वायर'चा हुकूम देऊन ती त्यांच्या हातात द्यावी लागतात. मी विसरलो. सेक्शन उतरवला, दोन घरं ओलांडून गच्चीवर चढवला, समोरून टी-७२ रणगाडा आला आणि जवानांच्या हातात रायफली. क्षेपणास्त्रं मागे गाडीत, गाडी तीनशे मीटरवर, मधली गल्ली माऱ्यात. हे वाचून हसू आलं असेल तर हा खेळ घ्या. वैताग आला असेल तर पुढच्या परिच्छेदाकडे चला.

फ्लॅशपॉइंटमध्ये जवान दिसतच नाहीत. ५०० मीटरचे षटकोन, त्यावर सोंगट्या, आणि तुम्ही मागे तंबूत नकाशावर वाकलेले. १९८९ मधलं पश्चिम जर्मनीतलं काल्पनिक युद्ध आहे. यात वेळच हत्यार आहे. तुमच्या मुख्यालयाचं हुकमाचं एक चक्र असतं. ते पूर्ण झाल्याशिवाय नवे हुकूम देता येत नाहीत आणि दोन्ही बाजूंचं चक्र सारखं नसतं. सोव्हिएत बाजूचं लांब, नाटोचं आखूड. मुख्यालयावर तोफांचे गोळे पडले किंवा रेडिओ जॅम झाला की तुमचंही लांबतं. म्हणजे शत्रू दोनदा विचार करून मोकळा होतो आणि तुम्ही अजून पहिल्याच हुकमाची वाट पाहताय. यात हुशार चालीपेक्षा राखीव बटालियन कुठे ठेवली होती याला जास्त किंमत. सोव्हिएत बाजू घेतलीत तर योजना सुरुवातीलाच धडधाकट असावी लागते, वाटेत सुधारू म्हणायची सोय नाही. ज्यांना बुद्धिबळात ओपनिंग पाठ करायला आवडतं त्यांना हा लागू पडेल. मला आवडतो, पण ऑफिसहून दमून आल्यावर नाही.

आर्मर्ड ब्रिगेड या दोघांच्या मध्ये बसतो. वरून दिसणारा सपाट नकाशा, सलग चालणारी लढाई, हवं तेव्हा पॉज. हुकूम द्या, तो पोहोचायला उशीर लागतो, आणि तो उशीर सैन्य कोणतं, प्रशिक्षण कसं यावर ठरतो. त्यामुळे पॉज असूनही मनात आलं आणि झालं असं होत नाही. मोठं सुख म्हणजे लढाई तुम्हीच मांडायची: १९६५ ते १९९१ मधलं कोणतंही साल घ्या, नकाशाचा हवा तो तुकडा निवडा, दोन्हीकडची सैन्यं भरा. एकाच गावावर १९७० आणि १९८५ अशा दोन लढाया लावून पाहिल्या तर पंधरा वर्षांत थर्मल कॅमेऱ्याने (उष्णतेवरून अंधारातही दाखवणाऱ्या) काय फरक पाडला ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

वॉर्नो हा आणखी एक युद्धाचा खेळ, तो का नाही, असं विचारणारे असतीलच. खेळ देखणा आहे, ऑनलाइन दहा विरुद्ध दहा मजा येते, पण हुकूम क्षणात पाळला जातो आणि पुढे सगळं बोटांच्या वेगावर. माझी बोटं तेवढी चालत नाहीत.

लॅपटॉपचा मुद्दा. कॉम्बॅट मिशनचे मोठे नकाशे साध्या मशीनला घाम फोडतात, आणि मे महिन्यात कूलरसमोर बसूनही पंखा विमानासारखा वाजतो. फ्लॅशपॉइंट आणि पहिला आर्मर्ड ब्रिगेड जुन्या मशीनवरही आरामात चालतात. आर्मर्ड ब्रिगेडचा २०२४ मधला दुसरा भाग थ्रीडी आहे, त्याला बरं ग्राफिक कार्ड लागेल. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पण कॉम्बॅट मिशनचे दोन तास नुसते कॅमेरा फिरवायला शिकण्यात जातात, हेही लक्षात ठेवा.

भारतीय सेना तिन्हींत नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र असलेल्या भागात राहून ही चुटपुट लागतेच. टी-७२ आणि बीएमपी समोरच्या बाजूने भेटतात, त्यावर समाधान.

भाच्याला मी म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला पहिला आर्मर्ड ब्रिगेड बरा. त्याने घेतला शॉक फोर्स. एक मिनिटाच्या डावाची फाइल ईमेलने पाठवून दोघांना खेळता येतं, हे मीच बोलून गेलो होतो. आता रात्री साडेदहाला त्याची फाइल येते. काल सोबत एक ओळ होती: "मामा, यावेळी जेव्हलिन घेतली का?"