जपानला जाणाऱ्या पोरांसाठी: गंजगोलाईच्या मागचं कांडप

लातूरहून जपानला शिकायला गेले तेव्हा आईनं गंजगोलाई बाजारामागच्या या कांडपातूनच काळा मसाला आणि येसराचं (आमटीसाठीचं) पीठ करून घेतलं. डाळी, गहू, धने घरून भाजून न्यायचे. कांडपवाले ते आपल्यासमोर दळून देतात. आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची आपल्या पिठात येऊ नये म्हणून मशीन झाडून घेतात, हे मला फार आवडलं.

होस्टेलच्या खोलीत एकच शेगडी. कॉलेज करून वर दुकानातली पार्टटाइम ड्यूटी (विद्यार्थ्यांना आठवड्याला 28 तासांचीच मुभा, पण तेवढ्यातच जीव मेटाकुटीला येतो). रात्री लसणाची फोडणी टाकायची, पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं, दोन उकळ्या आल्या की आमटी तयार. तिथल्या चिकट भातावर झकास लागते. मिक्सर मात्र नेऊ नका. तिथली वीज 100 व्होल्टची, आपला मिक्सर नीट फिरत नाही. शेंगदाण्याची चटणीही इथंच कुटून घ्या.

पॅकिंग मात्र भिकार! साध्या पिशवीला स्टेपलर मारतात. चटणीचं तेल माझ्या स्वेटरला लागलं ते लागलंच. डबे घरून न्या. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलात सुरू होतं आणि इथं मिरचीची रांग मार्चपासूनच लागते, त्यामुळं फेब्रुवारीतच उरकून घ्या.